शुभाची काचपट्टी

शुभाच्या वडिलांचा, आबांचा फोन आला तेव्हा माझ्या हातात रक्ताची काचपट्टी होती. “ताई, शुभी गेली,” एवढंच म्हणाले. मी “बरं आबा” म्हटलं आणि थेंब काचेवर पसरून घेतला. वाळला की तो कामाचा राहत नाही…

आंदर मावळातली शुभा लोणावळ्याला आमच्या लॅबमध्ये आली ती तंत्रज्ञाचा कोर्स करून. बस मिळाली तर वेळेवर, नाही तर डोंगर उतरून घामाघूम. बोलायला फटकळ, हाताला मात्र हलकी. रक्त रंगवायच्या रंगाची नवी बाटली उघडली की तो नीट लागतोय का, हे आम्ही आधी आमच्यापैकी कुणाच्या तरी रक्तावर बघतो. ते रक्त कायम तिचं असायचं. “फुकाटचं हाय, घ्या,” म्हणत बोट पुढे करायची आणि मग भिंगाखाली स्वतःच्याच पांढऱ्या पेशी बघून मिरवायची, “बगा ताई, कशा भरल्यात.”

गेल्या थंडीत अशीच नवी बाटली उघडली. तिने काच पाहून नाक मुरडलं. सगळ्या पांढऱ्या पेशी एकसारख्या, मोठ्या, निळसर. “रंग बाद हाय,” म्हणाली आणि बाटली मोरीत ओतून मोकळी झाली. दुसरी उघडली, तरी तेच. मग मी माझं बोट टोचलं. माझ्या काचेवर सगळं जागच्या जागी होतं. दुसऱ्या कुणाचं रक्त असतं तर तिने पहिल्या नजरेत रक्ताचा कर्करोग ओळखला असता.

हाडांतल्या मज्जेत पेशी जन्मते, टप्प्याटप्प्याने वाढते आणि मग रक्तात कामाला येते. या कर्करोगात ती वाढायचीच थांबते, कोवळ्या पेशींचा नुसता बुजबुजाट होतो. कुठल्या टप्प्यावर थांबली, यावर पुढचं सगळं ठरतं. एका प्रकारात औषधाने त्या पुन्हा वाढीला लागतात, माणूस बहुधा वाचतो. पुण्याहून मज्जेचा रिपोर्ट येईपर्यंत आम्ही तेवढा एकच प्रकार मागत होतो. आबांना तिने त्यांच्या भातशेतीच्या भाषेत सांगितलं, “रोप वाफ्यातच आडलंय आबा. पोटरीत येत न्हाई, कणीस धरत न्हाई.”

“मग खत घाला की.”

“व्हय, लागू पडंल का तेच इचारलंय.”

तो प्रकार नव्हता. “लय आधीच थांबल्यात, ताई,” रिपोर्ट वाचून ती म्हणाली, एखाद्या परक्या पेशंटबद्दल बोलावं तशी. मला भयंकर राग आला होता. कुणाचा ते आजही सांगता येत नाही. केमोच्या दुसऱ्या फेरीत ताप चढला, तो उतरलाच नाही.

परवा आबा तिचा डबा आणि पांढरा कोट न्यायला आले. निघताना घुटमळले. “तिचं रगत हितं असंल न्हवं?” मी खणातून तिची जुनी काच काढली, दुखण्याच्या कितीतरी आधीची. कोपऱ्यात पेन्सिलने तिचं नाव. भिंग लावून दिलं. आबांनी एक डोळा मिटला.

“ह्या वाढल्याल्या हायेत का?”

“व्हय आबा. सगळ्या.”

ते भिंगावरून उठेनात. मीही उठा म्हटलं नाही.