निळ्या गेटची पाटी

भिलाईच्या वैशाली नगरातल्या त्या पाट्या आठवल्या की आजही हसू येतं. तेव्हा मी हवालदार. शिक्षण सातवी, म्हणून सरळच लिहितो.

विजेच्या खांबांवर, झाडांवर किरायाच्या पाट्या लावायला बंदी झाली होती. लावायची तर आपल्याच गेटवर. तक्रार आली, ठाणेदारांनी तपास माझ्याकडे दिला. पानठेलेवाल्यानं खबर दिली, "साहब, सब खंभों पर एक ही घर का बोर्ड है."

पाटी पावर हाउस भागातल्या बाजारात मिळते तशी छापील. ‘कमरा किराये से देना है.’ खाली रंगानं बाण आणि ‘नीला गेट’.

निळं गेट आमच्या घरामागच्या गल्लीत. तिथं एक विधवा काकू एकटी राहायची. मी दरडावलं, "पाट्या कोणी लावल्या?"

"मले पायरी चढवत नाही भाऊ, खांबावर चढीन?"

"मग भुतानं लावल्या?"

"भूत असंन तर त्याले चहा पाजीन मी."

बोलता बोलता कळलं, वरच्या खोलीला किरायेदार मिळाला नाही तर मुलगा घर विकून तिला रायपूरला नेणार होता. त्यात गुन्हा दाखल झाला तर त्याला कारणच मिळणार. वाईट वाटलं, पण कायदा तो कायदा.

पंचनाम्यासाठी पाटी उतरवली. ती सुतळीनं नाही, खाकी कापडाच्या पट्टीनं बांधली होती. पट्टीवर लाल दोऱ्याचं रफू. खाकीवर लाल दोरा चालवणारी भिलाईत एकच बाई. माझी बायको. माझ्या वर्दीच्या पँटी ती तशाच रफू करायची, "गुडघ्याले कोण पाहते?" म्हणायची.

घरी गेलो. ती भाजी चिरत होती.

मी कारणच विचारलं, "कावून लावल्या?"

"त्या गल्लीत कुत्रं फिरकत नाही, किरायेदार कुठून येईन?"

"अगं, मी हवालदार आहे!"

"म्हणूनच त! तुमच्या पँटीवर कोण शक घेईन?"

ठाण्याच्या रोजनामच्यात मी बायकोचंच नाव लिहिलं. ठाणेदार हसता हसता खोकायला लागले. समज देऊन सोडलं. मग आम्ही दोघांनी सगळ्या पाट्या उतरवल्या. मी स्टूल धरलं, ती चढली आणि वरून मलाच रागावत होती, "हलवू नका ना!" शेवटची पाटी तिनं त्याच खाकी पट्टीनं काकूच्याच गेटवर बांधली. ठाण्यात बदलून आलेली एक महिला शिपाई खोली शोधत होती. मी तिला निळं गेट दाखवलं. घर वाचलं.

गस्तीची बीट माझी होती, पण घरामागच्या बाईचं दुःख बायकोला ठाऊक होतं, मला नाही. त्या दिवसापासून ‘कोणी केलं’ विचारलं की ‘कोणासाठी’ हेही मी विचारत गेलो.

बायको जाऊन वर्ष होईल. काकूच्या गेटवरची पाटी केव्हाच निघाली, पट्टी तेवढी राहिली आहे. येताजाता मी गाठ ओढून पाहतो. घट्ट आहे.