चौदा जूनची ओली वाळू

१४ जून २०२३. खेळाडू वीस, वाळू भिजवणारे दोन. रात्री जिवंत एकवीस.

सुचित्रा कर्णिक मूळच्या ठाण्याच्या. दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कार्यालयात त्या काही विद्यापीठांच्या क्रीडा परिषदेची वेळापत्रके आखतात. बीच व्हॉलीबॉल हा परिषदेचा सर्वांत नवा खेळ. दोन संघांच्या पाच-पाच जोड्या एकमेकींशी भिडतात. त्या वर्षी परीक्षांमुळे अंतिम लढत जूनवर गेली. मुलींचे तळवे भाजू नयेत म्हणून सुचित्राबाईंनी ती संध्याकाळी पाचला ठेवली. पण पाचला वाळू थंड हवी, तर ती दुपारभर भिजवत राहावी लागते. वेळापत्रकात त्या कामाला जागा नव्हती.

कंत्राटदाराचा मुकादम मुनीर, रत्नागिरीकडचा. त्याने फोनवर आधीच बजावले होते, "मॅडम, पंधरा जूनपासून कामगारांना दुपारी तीनपर्यंत सरकारची सक्तीची सुट्टी. भर उन्हात माणूस दिसला तर माझी नोकरी खलास."

"मग पंधराऐवजी चौदाला घेऊ या ना, मुनीरभाई."

"चौदाला चालेल. चौदाचं ऊन सरकारी नाही," तो हसला होता. त्याही हसल्या होत्या.

त्या दुपारी अबुधाबीकडच्या मुसफ्फाच्या कामगार कॅम्पवरून आलेला दत्ताराम घडशी हातात पाइप घेऊन वाळूत गुडघ्यांवर बसला. जोडीदाराला वाटले, पाइपाचा पीळ सोडवतोय. पाणी वाहत राहिले. रुग्णवाहिका येऊन गेली. पाचला शिट्टी वाजली. सुचित्राबाईंची मुलगी आभा जिंकून धावत आली, "मम्मा, द सँड वॉज सो कूल!"

आभाला त्यांनी काहीच सांगितले नाही. पदक दिवाणखान्यात लागले. आभाच्या पिशवीतून घरभर वाळू सांडे आणि सुचित्राबाईंच्या तळव्यांना ती ओलीच लागे. वाकून पाहावे, तर कोरडी. कुठेतरी नळ वाहतोय म्हणून त्या उठत. सगळे नळ बंद असत.

पुढच्या वर्षी परीक्षा पुन्हा लांबल्या, तारीख पुन्हा तीच आली. या वेळी सुचित्राबाईंनी वेळापत्रकात एक ओळ घातली: तीनच्या आधी वाळूवर कोणीही उतरणार नाही.

"पण चौदाला चालतं की, मॅडम!" मुनीर म्हणाला.

"चौदालाही नाही, मुनीरभाई."

तो म्हणाला, "दत्ता असता तर म्हणाला असता, मॅडम एक वर्ष लेट आल्या."

पाचला वाळू पुरती निवली नव्हती. आभाची जोडी हरली. घरी लाल झालेले तळवे बादलीत बुडवून ती कुरकुरत होती, "लास्ट इयर इट वॉज परफेक्ट. हू मेस्ड इट अप, मम्मा?"

सुचित्राबाई तिच्यापुढे जमिनीवर बसल्या. "गेल्या वर्षी ती वाळू एका माणसाने थंड केली होती," त्या म्हणाल्या. मग त्याचे नाव सांगितले, तारीख कुणी बदलली तेही सांगितले.

आभाने पाय बादलीबाहेर काढले. पाण्याकडे बघत राहिली. मग दाराकडे मान वळवून हळूच म्हणाली, "मम्मा, इज द टॅप ऑन?"

नळ बंद होता.

दत्ताराम घडशी यांची चौदा जूनची दुपारची विश्रांती अद्याप देणे आहे.