निंबा जॉबरचा हॉलंडी खेळ

आमच्या लिंबायतच्या फुटबॉल टीममध्ये अकराही जण कापडाच्या मागावर काम करणारे. डोकं चालवायचं काम मात्र एकट्या लक्ष्मणदादाचं. तो रेषेवर उभा राहून घसा फाडायचा, "उंच मार! पळ!" टीव्हीवर इंग्लंडचे सामने बघून त्याने हेच उचललं होतं. या पद्धतीने आम्ही शेजारच्या डिंडोलीच्या टीमकडून सलग तीन वर्षं सपाटून मार खाल्ला, आणि वर शिव्याही खाल्ल्या.

सत्त्याण्णव साली गल्लीत केबल आली आणि आमचे माग दुरुस्त करणाऱ्या निंबा जॉबरला हॉलंडचा खेळ दिसला. तिथला प्रशिक्षक सामन्यात शांत बसलेला, शिकवायचं ते सरावातच शिकवून मोकळा. कुणी जागा सोडली की शेजारचा ती भरतो. निंबा या खेळाने वेडाच झाला आणि आपणही असंच खेळू म्हणून दादाच्या मागे लागला. दादा चिडला आणि एकाच सामन्यापुरती टीम त्याच्या हाती दिली. "ही एक मॅच तुनी. हारना तर टीम कायमनी मनी."

निंबाने आम्हाला एवढंच विचारलं, "चहा पेवाले जास तवय तुना माग कोन देखस?"

"बाजूवाला."

"मंग आठे बी तसंच."

खरं सांगतो, तीन वर्षांत न कळलेला खेळ मला तिथे कळला.

डिंडोलीशी सामना एक-एक गोलने बरोबरीत, शेवटची पाच मिनिटं. आमचा गोलकीपर बाजीराव उत्साहाच्या भरात चेंडू घेऊन थेट पुढे निघाला. दादा प्रेक्षकांतून किंचाळला, "माघारी फिर, गाढवा!" निंबाही उठला, त्याने तोंड उघडलं, आणि तो पुन्हा बाकावर बसला. तेवढ्यात डिंडोलीवाल्याने चेंडू हिसकावून आमच्या मोकळ्या गोलकडे लांब टोला हाणला.

पण गोलसमोर धुडकू उभा! बॅकला खेळणारा हा आमचा जाड्या तिथे कधी पोचला देव जाणे. त्याने चेंडू छातीवर घेतला, मला दिला, मी पुढे बाजीरावला, आणि त्या पठ्ठ्याने जन्मातला पहिला गोल ठोकला.

आम्ही निंबाला खांद्यावर घेऊन नाचलो. तो हसतही होता आणि रडतही होता. मला एवढा आनंद माझ्या लग्नातही झाला नव्हता.

गर्दी पांगल्यावर लक्ष्मणदादा आला. आवाज पार बसलेला. "टीम तुनी. आते मी कोठे बठू?"

निंबाने बाकावर सरकून जागा केली. "मना जोडे बठ, दादा. पन गुपचूप."