पाठ टेकल्यानंतर

ते प्रकरण विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातल्या कित्येकांचे चेहरेही आता आठवत नाहीत. ही मुलगी मात्र आठवते. तिचं नाव इथे लिहीत नाही, इतर कुणाचंही लिहीत नाही.

सोलापूर शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. आमच्या हद्दीत टॉवेल आणि चादरींचे कारखाने होते. उन्हाळ्यातली दुपार होती. ठाणे अंमलदारानं फोन घेतला आणि रिसीव्हरवर हात ठेवून मला म्हणाला, "साहेब, कारखान्यात एका बाईनं मॅनेजरला मारलंय म्हणतायत. बहुतेक गेला."

फोन करणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. अशा फोनवर निम्मा विश्वास ठेवायचा आणि निघायचं मात्र ताबडतोब, हा आमचा शिरस्ता.

आम्ही पोहोचलो तेव्हा कळलं, मॅनेजर जिवंत आहे. हा मालकाचा मेहुणा, चाळिशीचा, अंगानं भरलेला माणूस. त्याला मोटारीतून खासगी दवाखान्यात नेलं होतं. मुलगी सुताच्या गोदामाबाहेर पायरीवर बसली होती. वय पंचविशीच्या आतलं. पॅकिंग खात्यात सुपरवायझर. ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेली. अंगणात कामगारांची गर्दी होती, पण तिच्याजवळ कुणी उभं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत मॅनेजरची फिर्याद वकिलासकट ठाण्यात हजर झाली. कामात चूक काढली म्हणून मुलगी चिडली, गोदामात पाठीमागून अंगावर आली, लोखंडी दांड्यानं मारलं आणि गळा दाबला, असं त्याचं म्हणणं. सोबत चार कामगार साक्षीदार. चौघांचे जबाब मी स्वतः ऐकले. चौघांनीही 'क्रोधाच्या भरात' असेच शब्द वापरले. यंत्रमागावर आयुष्य काढलेला माणूस क्रोधाच्या भरात म्हणत नाही. तो म्हणतो, 'डोकं फिरलं'. एकाच्या तोंडी तो शब्द आला असता तर मी सोडून दिलं असतं. चौघांच्या तोंडी तो कुणीतरी घातला होता.

महिला हवालदाराला शेजारी बसवून मी मुलीला विचारलं, "दांडा कुठून आणलास?"

"दांडा न्हवता."

"मग कशानं मारलंस?"

"मारलं न्हाय सायेब. धरलं."

"का धरलंस?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

चौकशीत गप्प बसणारी माणसं दोन तऱ्हेची असतात. काहींनी काही केलेलं असतं, आणि काहींना काही झालेलं असतं. पहिली तुमच्या पुढच्या प्रश्नाकडे डोळे लावून बसतात. दुसऱ्यांना तुमचा प्रश्न ऐकूही जात नाही. ही दुसऱ्यांतली होती. दरडावून उपयोग नव्हता. मी दवाखान्यात डॉक्टरांना फोन लावला. उजवा खांदा निखळला होता, हनुवटीखाली लाली होती. दांड्याचा वळ? नाही. ठोशाची खूण? एकही नाही. म्हणजे फिर्यादीतली निम्मी गोष्ट तिथंच पडली. मुलीला मी अटक केली नाही. समज दिली आणि शहरात राहणाऱ्या मावशीकडे पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वडिलांना घेऊन आली. ते जिल्ह्यातल्याच केमकडच्या एका गावातले, थोडी शेती करणारे, गावच्या तालमीतले वस्ताद. पैलवानाचे मोडलेले कान, डोक्याला पटका. पोरीला त्यांनीच मातीत उतरवलं होतं. पुढे बार्शीला कॉलेजात ती ज्युदो शिकली, स्पर्धाही खेळली. मावशीच्या घरून ठाण्यात येताना बापलेकीचं काहीच बोलणं झालं नसावं, कारण माझ्यासमोर खुर्चीवर बसल्यावर त्यांनी तिला पहिला प्रश्न विचारला.

"तुजी पाठ लागली व्हती का?"

मुलीनं मान वर केली. "व्हय आण्णा."

वस्तादांनी डोळे मिटले. मी लहानपणी थोडी कुस्ती केली आहे, त्यामुळे तो प्रश्न मला कळला. स्वतःहून अंगावर जाणारा पैलवान पाठ टेकत नाही. ही खाली पडली असेल, तर तिला कुणीतरी आधी पाडलं होतं. फिर्याद मॅनेजरची असल्यानं आतापर्यंत कागदावर जखमा फक्त त्याच्याच होत्या. मी तिला महिला हवालदारासोबत लगेच सिव्हिलला तपासणीसाठी पाठवलं. दोन्ही कोपरं सोललेली, खांद्यांच्या फऱ्यांवर फरशीचे ओरखडे, आणि ओढणीखाली गळ्यावर बोटांचे ठसे.

परत आल्यावर ती बोलली. एकदा सुरू झाल्यावर थांबली नाही.

जेवणाच्या सुट्टीत मॅनेजरनं सूत मोजायच्या निमित्तानं तिला गोदामात बोलावलं आणि आतून कडी लावली. तिनं दाराकडे झेप घेतली, तेव्हा त्यानं ओढणी धरून मागं ओढलं. ती फरशीवर उताणी पडली. तो वर.

"पाठ लागली तवा वाटलं, संपलं. मातीत तितंच संपतं की. मग ध्यानात आलं, हितं पंच न्हाय. कुणी शिट्टी वाजवून ह्याला माज्यावरनं उठवणार न्हाय."

मग तिनं खालूनच दोन्ही पायांची कैची त्याच्या कमरेला घातली आणि त्याचं डोकं स्वतःच्या खांद्याशी ओढून धरलं. हात उगारायला त्याला जागाच ठेवली नाही. त्याची पकड गळ्यावर होती, पण अंगाचं वजन टाकता येईना. उठायला त्यानं एक हात फरशीवर टेकला. तोच हात तिनं मनगटाशी धरला आणि पिळला. खांदा गेला. तो ओरडत कुशीवर कलंडला, तशी ती त्याच्या पाठीवर गेली आणि हनुवटीखाली हात घालून आवळला.

"किती वेळ?" मी विचारलं.

"तो ढिला पडंपत्तुर. ढिला पडला की सोडायचं, आसं शिकवल्यालं हाय. सोडला, कुशीवर वळवला, कडी काढली, आन् पाणी मागितलं."

"कुणी आणलं?"

"कोण न्हाय."

वस्ताद खिडकीबाहेर बघत होते. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पटक्याच्या शेवानं पुसलं.

आता मला कडीचा साक्षीदार हवा होता. गोदामाच्या भिंतीला लागून टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बायका बसतात. मी कारखान्यात चक्कर मारली तेव्हा त्यांतली एक वयस्क बाई, घरी तेलुगू बोलणारी, माझ्याकडे बघून शिवण थांबवत होती आणि मी बघितलं की पुन्हा चालू करत होती. मी महिला हवालदाराला तिच्या घरी साध्या वेशात पाठवलं. दुसऱ्या दिवशी ती आपल्या पायांनी ठाण्यात आली.

"कडी लावल्याला आवाज ऐकलो मी. पोरगी 'सोड' म्हणून वरडली, ते पण ऐकलो."

"मग मावशी, कुणाला हाक का नाही मारली?"

ती मग म्हणाली, "लई वर्षं ऐकतो साहेब आमी त्या कडीचा आवाज. माज्या वेळंला, हिच्या आधीच्या पोरींच्या वेळंला. आमाला कुस्ती येत नव्हती."

तिचा जबाब नोंदवताना हवालदार बाईचं पेन मध्येच थांबलं होतं. त्या जबाबानंतर चारही कामगार एकेक करून मोडले. त्यांना काय बोलायचं ते कारखान्याच्या ऑफिसात पाठ करून घेतलं होतं. मुलीनं जे केलं ते स्वसंरक्षण होतं, असा अहवाल मी पाठवला आणि तिच्यावरचा गुन्हा निकाली निघाला. मॅनेजरवर विनयभंगाचं दोषारोपपत्र गेलं. इथे ही हकीकत संपली असती तर मी ती अभिमानानं सांगितली असती.

कारखान्यातून तिला काढलं. जमलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांचा निरोप असा होता की, गड्याला लोळवणारी सून आम्हाला पेलायची नाही. त्यांच्यातल्याच दुसऱ्या कुणी म्हटलं, त्याच्या खाली पडली होती हे तिनं स्वतःच सांगितलंय. दोन्ही बोलणी गावात फिरली. वस्तादांच्या तालमीत पाच-सहा पोरी यायच्या. त्यांच्या आयांनी एकेकीला घरी बसवलं.

खटला उभा राहायला वर्षं लागली. तोवर शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या दोन्ही सुना त्याच कारखान्यात कामाला लागल्या होत्या. कशा लागल्या, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. साक्षीच्या पिंजऱ्यात मावशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला कमी ऐकू येतं." सरकारी वकिलांनी त्यांना फितूर जाहीर केलं. चौघे कामगार त्यांच्या आधीच पुन्हा मालकाच्या बाजूला फिरले होते. बंद दाराआड दोघंच, आणि जखमा दोघांनाही. संशयाचा फायदा मॅनेजरला मिळाला. निकाल ऐकून तो बाहेर आला तेव्हा निखळलेल्या त्याच हातानं लोकांशी हस्तांदोलन करत होता.

कोर्टाच्या जिन्यात मावशी कठडा धरून उभ्या होत्या. गुडघे दुखत होते की मुलीसमोरून जायचं धाडस होत नव्हतं, कुणास ठाऊक. मुलगी त्यांच्याजवळ गेली, दंडाला धरलं आणि एकेक पायरी उतरवून त्यांना खाली आणलं. मावशींनी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही.

मग ती माझ्याकडे आली. आवाज अगदी साधा होता.

"सायेब, त्या दिवशी ढिला पडल्यावर त्याला सोडला न्हसता तर?"

"मग तू आत गेली असतीस," मी म्हणालो. "सोडलंस म्हणून वाचलीस."

"कशातनं वाचले?" तिनं विचारलं, आणि माझ्या उत्तरासाठी खरंच थांबली.

आता निवृत्तीनंतर मुलींच्या स्वसंरक्षणाच्या शिबिरांना मला बोलावतात. खाली पडल्यावर घाबरू नका, पाय वापरा, त्याला जवळ ओढा, सुटलात की पळा, गरजेपेक्षा जास्त बळ वापरू नका, कायदा तुमच्या बाजूनं आहे, असं मी सांगतो. ते खोटं नाही. या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच, की मुलीच्या अंगावर येणाऱ्यांपैकी प्रत्यक्ष बसलेला माणूस सगळ्यात हलका असतो. त्याला उलथवायचं बळ एका मुलीकडे असू शकतं. त्यानंतर अंगावर येणाऱ्या कारखान्याला, सोयऱ्यांना, कोर्टाला उलथवायला भिंतीपलीकडच्या सगळ्यांनी उठावं लागतं, आणि आमच्याकडे ते उठत नाहीत.

शिबिरात मात्र मी हे बोलत नाही. समोर बसलेल्या मुली सतरा-अठरा वर्षांच्या असतात, आणि त्या टाळ्या वाजवतात.