झाकणाखालचं पिवळं पाणी

माझी धाकटी जाऊ बावीस वर्षं पेशींचे फोटो काढते. ती नक्की काय करते हे तिला सांगता येत नाही. मी जन्मभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, म्हणून मीच सांगते. पेशीच्या आत बारीक धाग्यांचा सांगाडा असतो, त्याच्यामुळे ती आकार धरून राहते. कॅन्सरच्या पेशीत औषधानं तो सांगाडा ढिला पडतो का, म्हणजे औषध लागू होतं का, हे ही बाई मोजते. धागे रंगवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली चाळीस पेशी निवडून फोटो काढायचे, मग कॉम्प्युटर धाग्यांची दाटी मोजून आकडा देतो. झालं.

प्रयोगशाळेत तिला फूटपट्टी म्हणतात. माझ्या दिराला ती चहात साखर घालते तीसुद्धा चमचा सुरीनं सपाट करून.

गेल्या शुक्रवारी ती संध्याकाळी आली आणि पर्स खांद्याला तशीच ठेवून स्वयंपाकघरात उभी राहिली.

"ताई, मी सहा वर्षं खोटं मोजलं."

"नीट सांग. रडायचं ते नंतर."

रडत नव्हतीच ती. चेहरा नुसता पांढराफटक.

त्या दिवशी पेशींच्या दोन बशा होत्या. एकीत औषध, दुसरीत साधं द्रावण. नावं फक्त झाकणांवर. सूक्ष्मदर्शकाची खोली अंधारी. 'औषध' लिहिलेल्या बशीत धागे एक तृतीयांशानं कमी निघाले. या औषधानं सहा वर्षं तेवढेच निघतायत. मग बशा टाकून द्यायला तिनं उजेडात नेल्या. औषधाला जराशी पिवळी झाक असते. पिवळं पाणी होतं ते 'साधे' लिहिलेल्या झाकणाखाली. पाणी बदलताना तिच्याच हातून झाकणांची अदलाबदल झाली होती; धागे कमी निघाले होते ते औषध नसलेल्या बशीत.

"म्हणजे कॉम्प्युटरनं घोळ घातला."

"त्यानं मी दाखवल्या त्या पेशी मोजल्या, अगदी बरोबर मोजल्या. निवडल्या मी. झाकणावर 'औषध' वाचलं की माझी नजर मरतुकड्या पेशींवरच जाते. मला कळतही नाही."

खोटारड्या माणसाचं काय करायचं ते मला ठाऊक आहे. आयुष्यात एक आकडा न फिरवलेल्या बाईचा डोळाच परस्पर फितूर झाला, तर कुणाचा कान धरायचा?

"सोमवारी बैठक आहे," ती म्हणाली. "औषध माणसांना द्यायचं का ते ठरणार. माझ्या आकड्यांवर."

"एकदाच झालंय. योगायोग असेल."

"म्हणून उद्या तुम्ही चला."

शनिवारी गेले. तिनं सहा बशा भरल्या, तीन औषधाच्या, तीन साध्या. तिला बाहेर घालवून मी झाकणं बदलली, वर नुसते आकडे घातले आणि यादी पर्समध्ये ठेवली. ती दिवसभर अंधारात, मी बाहेर स्टुलावर कंबर मोडत. संध्याकाळी यादी वाचली. औषधाच्या बशा आणि साध्या बशा, धाग्यांत काडीचा फरक नाही. तिनं दोनदा पडताळलं. तिसऱ्यांदा पडताळायला लागली तेव्हा मी कॉम्प्युटर बंद केला.

मग मी जे बोलले ते लिहायला लाज वाटते, पण बोलले. "दोन वर्षांत निवृत्त होशील. गप्प बस."

"ताई, हे तुम्ही बोलताय?"

सोमवारी बैठकीआधीच तिनं प्रयोगशाळेच्या साहेबांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "याआधीची चार औषधं कुणी मोजली?"

"मीच."

"त्यातलं एक दवाखान्यांत पोचलंय."

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही. मला हे सांगताना ती मध्येच खाली बसली, खुर्ची आहे का ते न बघता.

साहेबांनी ते औषध पहिल्यापासून मोजायला सांगितलं. झाकणांवर आकडे घालायला प्रयोगाशी संबंध नसलेलं माणूस हवं होतं, म्हणून मंगळवारी मला नेलं. पहिली बशी तिनं सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि नुसती बसून राहिली. डोळा लावेना.

"काय झालं?"

"कुठली पेशी घेऊ?"

"तू निवडूच नकोस," मी म्हटलं. "बशीतल्या जागांना आकडे देऊन चिठ्ठ्या टाकू. निघेल त्या जागेवरची पेशी घ्यायची, बरी असो की मेलेली."

तिनं कागद पुढे केला. मी त्याच्या चिठ्ठ्या फाडायला लागले.