खाटेच्या काठावर बसणारी बाई

बाबांचा आजार बरा होण्यापलीकडं गेल्यावर दवाखान्यातल्या एक नर्सबाई भीमपूरला आमच्या घरी येऊ लागल्या. नाव मी कधी विचारलं नाही. अंगानं भारी होत्या. औषधाच्या आधी त्या बाबांच्या खाटेच्या काठावर बसत. खाट कुरकुरली की बाबा हसत.

आमच्याकडं माणूस जायला लागला की त्याला खाटेवरून जमिनीवर घेतात. आत्या रोज सकाळी म्हणायची, "आता खाली घ्या रे दादाले." बाबा शुद्धीत होते. ते ऐकून खाटेची दोरी घट्ट धरायचे. मी घरभर गोष्टी सांगत फिरणारा बडबड्या माणूस, पण आत्यापुढं माझं तोंड शिवल्यासारखं व्हायचं.

एकदा नर्सबाईंनीच ऐकलं. म्हणाल्या, "आत्याबाई, मी इथं बसून राह्यली. आधी मले उचला, मंग बाबाले." बाबांची मूठ सैल झाली आणि त्यांचा डोळा लागला.

शेवटच्या दिवशी बाईंची पाळी दुसऱ्या गावाला होती. आत्यानं घाई केली आणि आम्ही बाबांना खाली घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, रिकाम्या खाटेच्या काठावर बसल्या. दोरीवरून हात फिरवत म्हणाल्या, "बाबानं आपल्या हातानं सोडली ना?"

"नाही बाई," मी म्हणालो, "आमाले सोडवा लागली."