बांधावरचे सुरू आणि आक्कांची पडवी

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी दौंडला प्रशिक्षणाला बसले होते. फोन आमच्या यांचा. "वहिनी गेल्या," एवढंच म्हणाले. आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "वारा सुटला होता का?" शेजारच्या बाईंनी माझ्याकडे चमकून पाहिलं. मरणाची बातमी ऐकून वाऱ्याची चौकशी करणारी बाई त्यांनी पाहिली नसावी. पण आमच्या घरी माघ-फाल्गुनात दुसरं काही विचारायचंच नसतं... वारा होता. सकाळपासून होता.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर राहू गावचं, सासर शिरूर तालुक्यातलं आमचं हे गाव. मी शाळेत शिकवते म्हणून त्या मला मास्तरीण म्हणायच्या, लाडात आल्या की मालू. आमची घरं शेजारी-शेजारी, आणि दोघांच्या डाळिंबाच्या बागांमध्ये एक बांध. त्या बांधावर सुरूची अकरा झाडं होती. सासऱ्यांनी बागेला वारा लागू नये म्हणून लावलेली. माघ लागला की त्यांच्या शेंड्यांना तांबूस तुरे यायचे आणि त्यातून पिवळी भुकटी उडायची. पाण्याच्या टाकीवर साय धरायची, वाळवणावर बसायची. आम्हाला त्याचं काही नव्हतं. आक्कांना मात्र दमा होता. डॉक्टर त्या भुकटीला परागकण म्हणायचे, आक्का म्हणायच्या "मेलीचं पीठ".

बंद खोलीत त्यांचा जीव घुसमटायचा, म्हणून त्यांचा पलंग पडवीत. पडवीला डासांची जाळी मारलेली. घरातले सगळे त्या जाळीवर खूश. कुणी काही म्हटलं की आबांचं, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचं, उत्तर ठरलेलं, "जाळी हाय की!" जाळी डासांना अडवते, पिठाला नाही, हे आक्कांना पहिल्याच वर्षी कळलं. मग त्यांनी जुनी सुती पातळं ओली करून वाऱ्याच्या अंगाला टांगायला सुरुवात केली. दिवसातून चार वेळा भिजवायची, चार वेळा पिळायची, आणि पिळलेलं पिवळं पाणी आबांना नेऊन दाखवायचं. पुढं आबांनी कलिंगडं केली. कोवळ्या रोपांवर कीड बसू नये म्हणून पांढऱ्या पातळ कापडाचं आच्छादन आणलं. त्यातला उरलेला तुकडा आक्कांनी भांडून मिळवला आणि जाळीला आतून शिवला. "कलिंगडाला नवं कापड आन् मला उरल्यालं," असं त्या येईल त्याला ऐकवायच्या.

त्या काही गरीब गाय नव्हत्या. पडवीत पाऊल टाकायच्या आधी प्रत्येकानं अंगणात कपडे झटकायचे, असा त्यांचा कायदा होता. एकदा पंचायतीच्या निवडणुकीला उभा राहिलेला एक पांढराशुभ्र इसम मतं मागायला आला, तर त्यालाही टोपी झटकायला लावली. आबांच्या मिशा तर त्या स्वतः ओल्या फडक्यानं पुसायच्या, आणि तो गडीही लहान पोरासारखा मान वर करून उभा राहायचा. नवरा-बायकोत प्रेम नव्हतं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? प्रेम होतं. झाडंही होती.

झाडं तोडा, नाहीतर या दोन महिन्यांत बाईंना दुसरीकडं ठेवा, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. एक वर्ष त्या माहेरी राहूला गेल्या आणि पंधरा दिवसांत परत आल्या. "भावाच्या घरी किती दिवस खोकायचं, मालू? भावजय उंबऱ्यात आली तरी वाटायचं, मोजायलाच आली."

आणि झाडं तुटली नाहीत. का, ते सांगायलाच हा लेख लिहिते आहे. आठ वर्षांपूर्वी भावाभावांची वाटणी झाली, तेव्हा बांधाची खूण म्हणून हेच सुरू धरले. आमच्याकडं बांधावरचं झाड गेलं की बांध चालायला लागतो... दर नांगरटीला वीतभर. आबा म्हणायचे, "मी तोडतो, पन धाकल्यानं नांगर घातला म्हंजी?" आमचे हे म्हणायचे, "दादांनीच बांध कोरला तर मी कुनाकडं बघू?" सरकारी मोजणी आणावी, तर मोजणी म्हणजे भावावर अविश्वास, लोक काय म्हणतील! आणि मी? मी शिकलेली. मी यांना सांगितलं, "दादांकडून लेखी घ्या. सही झाल्याबिगर फांदीलाबी हात लावू द्यायचा न्हाई." कागदाची अक्कल घरात माझ्याचकडे होती ना!

आक्कांना हे ठाऊक होतं. एका सकाळी पातळ पिळता पिळता मला म्हणाल्या, "मास्तरीण, तू म्हनलीस तर धाकले ऐकत्याल. बघ की जरा."

"बघते, आक्का," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. दोन माघ गेले.

त्या दिवशी वाऱ्यानं कापडाची शिवण उसवली. आबा बागेत मोडलेली फांदी बांधत होते. परत आले तर आक्का पलंगाच्या कडेला बसलेल्या, सुई-दोरा हातात, ओठ निळे. श्वासाचा पंप आत फळीवर. शिरूरला पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं.

तेराव्याला माणसं येणार, गाड्या लावायला जागा नाही, असं कुणीतरी म्हणालं. पेट्रोलवरची करवत आली. एका बाजूनं आबा दोर ओढत होते, दुसऱ्या बाजूनं आमचे हे. दुपारच्या आत अकराही सुरू आडवे. कुणी सही मागितली नाही, मीही नाही. तोडणाऱ्या गड्यांना चहा मात्र मी केला. बांध अजून आहे तिथंच आहे, इंचभरही सरकलेला नाही. मी रोज सकाळी जाऊन बघते.

परवा संध्याकाळी दोघं भाऊ पडवीत आक्कांच्याच पलंगावर बसले होते. इतकं गोडीनं बोलताना त्यांना मी वाटणीनंतर पाहिलं नव्हतं. मी चहा घेऊन गेले. आबा म्हणाले, "वारा लई लागतूय बागंला. कळी गळती. पावसाळ्यात परत सुरूच लावावं म्हंतो. आता तरास व्हायला कोन हाय?"

"लावा की," हे म्हणाले. "निम्मी रोपं मी आनतो."

"लावा," मी म्हणाले. "लावाल तेवढी उपटून टाकीन."

माझा आवाज चढला होता. हे म्हणाले, "अगं, असं काय बोलतीस?"

मी काही चुकीचं बोलले नव्हते. फक्त हेच आक्कांच्या देखत बोलायला मला आठ वर्षं मिळाली होती.